गार टायरची हवा

"बस वाईच. गार हू दे." टायरला हात लावून बघायचा, हवेची नळी परत खुंटीला अडकवायची आणि आक्कानं हे म्हणायचं. घाईतला माणूस मनातल्या मनात तिचा उद्धार करत बाकावर टेकायचा. तुमच्याही रस्त्यावर असं एखादं हटवादी माणूस असेलच. मच्छे गावच्या रस्त्याला आमच्याकडं ही टायरमध्ये हवा भरणारी आक्का होती.

मच्छेत आमची शेड आहे. टेम्पोत पलंग, ओटा, संडास बसवून आम्ही फिरतं घर करतो. गिऱ्हाईक त्याला मोटरहोम म्हणतं. पहिलं तयार झालं तेव्हा मी ऐटीत ते आक्काकडं नेलं आणि दाराजवळच्या पाटीवरचा हवेचा आकडा वाचून दाखवला.

"ती पाटी टेम्पोची रं. तू वर घर बांधलाईस की! पाणी भर, सिलिंडर चढव, माणसं बसव आणि वजनकाट्यावर जाऊन ये."

पुण्याचं गिऱ्हाईक घाम पुसायला लागलं. आक्कानं त्याच्या सासूबाईंनाही सोडलं नाही. "आज्जी, तुम्ही कुठल्या अंगाला निजणार?" आज्जी डावीकडं निजणार होत्या, आणि पाण्याची टाकीही आम्ही डावीकडंच बसवली होती! काट्यावर एकेक बाजूचं वजन झालं. मग टायरच्या तक्त्यावर बोट फिरवत आक्कानं जड बाजूला लागेल तेवढी हवा दोन्हीकडं धरली. पण भरली नाही. टायर तापले होते ना! तीन तास सगळ्यांना बसवून ठेवलं आणि वर आज्जींना ताक पाजलं.

एकदा मात्र मी वैतागलो. गाडी ताबडतोब पोचवायची होती, हवा मोजायचा काटा जास्त दाखवत होता. थोडी सोडावी म्हणून मी वाकलो, तर तिनं फाडकन माझ्या हातावर मारलं. 

"तापल्यावर हवा फुगती, म्हणून काटा जास्त दाखवतोय," ती म्हणाली. "आत्ता काढलास तर गार झाल्यावर कमी पडती. मग वजनाखाली टायर चेपतंय, तापतंय आणि फुटतंय." नळी खुंटीला अडकवून म्हणाली, "ह्यांचं असंच झालं. निपाणीहून माल भरून आलते. जेवता जेवता म्हणाले, काटा जास्त दाखवतोय, कमी कर गं. मी केली. मीच केली रं."

खानापूरच्या पुढं टायर फुटून गाडी झाडावर गेली होती. नवरा दोन दिवस दवाखान्यात होता, मग गेला.

"लेकीला ठाऊक न्हाय. सांगावं म्हणतोय रोज. सांगू काय? नंतर आई म्हणंल काय ती मला?"

मी म्हणालो, "कशाला आक्का? पोरगी सुखात आहे, राहू दे." दुसऱ्याच्या बाबतीत आपल्याला शहाणपण लई चटकन सुचतं.

लेक निपाणीला दिलेली. आक्का सणाला बसनं जायची आणि सकाळी परत यायची. "करमत न्हाय तिथं," म्हणायची. लेकीनं कितीदा रडून थांबवलं, तरी एका रात्रीवर राहिली नाही.

गेल्या उन्हाळ्यात आक्का गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. लेकीला भेटायला मी निपाणीला गेलो.

"मामा, आई माझ्याकडं कधी राहिली न्हाय. माझं काय चुकलं हो?"

मला राहवलं नाही. हवेची ती सगळी गोष्ट मी सांगून टाकली.

ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "ठाऊक होतं मला. आप्पांनी दवाखान्यात सांगितलं होतं. म्हणाले, आईला बोल लावू नको, हवा कमी कर असं मीच म्हटलं होतं. आपणहून विषय काढू नको, तिनं काढला तर जवळ घे, म्हणाले. एवढी वर्षं वाट बघितली मी. तिनं काढलाच न्हाय."

 आक्का विषय काढायला निघाली होती आणि मीच नको म्हणालो होतो, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. हातातला चहा तसाच ठेवून मी उठलो. आज तुम्हाला सांगतोय. तिला अजून सांगितलेलं नाही.