काहीतरी म्हणजे काय

खालच्या मजल्यावरच्या भाभी मूळच्या राजापूर तालुक्यातल्या नाटे गावच्या. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनीअर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. मुलीच्या शाळेसाठी त्यांनी रत्नागिरीत आमच्या बिल्डिंगमध्ये ब्लॉक घेतला होता. मी वरच्या मजल्यावर राहते आणि पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करते. बाकीचे सगळे सकाळी कामाला निघून जात, त्यामुळे दिवसभर बिल्डिंगमध्ये आम्ही दोघीच असायचो.

माझं काम काय आहे ते लोकांना पटकन समजत नाही. मी प्रोग्रॅम लिहीत नाही. स्क्रीनवर जी वाक्यं दिसतात ती लिहिते. बटणावर काय लिहायचं, रकान्याखाली कोणती सूचना द्यायची, आणि एखादं पान उघडलंच नाही तर समोरच्या माणसाला काय सांगायचं. हे शेवटचं काम कुणालाच नको असतं. सगळं नीट चालेल असं धरून सगळे काम करतात. बिघडलं तर काय म्हणायचं हे आठवतं अगदी शेवटी, आणि तेव्हा घाईत एक ठरलेलं वाक्य टाकलं जातं: काहीतरी चुकलं, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

भाभींचा दिवस एका नकाशाने सुरू व्हायचा. कोणतं जहाज कुठे आहे ते दाखवणारी एक वेबसाइट असते. जहाजाचं नाव टाकलं की निळ्या नकाशावर एक छोटा बाण दिसतो. ती कशी बघायची ते मीच त्यांना दाखवलं होतं. लॅपटॉप ओट्याच्या कडेला ठेवून त्या स्वयंपाक करता करता एक डोळा तिकडे ठेवायच्या. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, आज आफ्रिकेच्या खाली आहेत. नवरा राजापूरला गेलाय, दुपारच्या गाडीने परत येईल, असं सांगावं तितक्या सहज.

एके सकाळी त्या लॅपटॉप तसाच उघडा हातात धरून वर आल्या. पीठ लागलेली बोटं कडेला उमटली होती. नकाशाच्या जागी पांढरं पान होतं. वर कागदी होडीचं गमतीशीर चित्र, एका बाजूला कललेली होडी, आणि खाली तेच वाक्य. काहीतरी चुकलं.

"काहीतरी म्हणजे काय गो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, वेबसाइट बंद पडली असेल. त्या म्हणाल्या, असेल म्हणजे? तुला माहीत आहे की तू पण अंदाज करतेस? त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग मी ब्राउझरचा आतला भाग उघडला, जिथे पान मागवताना काय काय घडलं ते दिसतं. तिथे पाचशे चार हा आकडा होता. त्याचा अर्थ मी त्यांना जमेल तसा सांगितला: आपला निरोप त्यांच्या दारापर्यंत पोचला, दारावरच्याने तो आत दिला, पण आतून वेळेत उत्तर आलं नाही. बिघाड त्या वेबसाइटच्या कंपनीत आहे. आपल्या इंटरनेटचा नाही, आणि जहाजाचा तर नाहीच.

त्यांनी पुन्हा एकदा तो आकडा बघितला. "एवढं लिहायला काय झालं होतं त्यांना?" म्हणाल्या आणि लॅपटॉप मिटून खाली गेल्या. भाकऱ्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वेबसाइट चालू झाली. भाभी पुन्हा वर आल्या. आता पानावर कुठलीही चूक नव्हती. बाण होता, जहाजाचं नाव होतं, आणि जहाज कुठून कसं आलं ते दाखवणारी बारीक रेघ होती. ती रेघ खूप लांबपर्यंत सरळ आली होती. मग एका जागी तिने वळण घेतलं होतं, आलेल्या वाटेने मागे गेली होती, आणि तिथे शेतात नांगर फिरवावा तशी पुढे-मागे, पुढे-मागे फिरली होती. एकमेकींना लागून समांतर रेघा. सगळीकडे मोकळा समुद्र, जवळपास कुठलाही किनारा नाही.

"असं का फिरलंय हे?"

मला माहीत नव्हतं. बंदरात जागा मिळेपर्यंत जहाजं बाहेर ताटकळतात हे मी ऐकलं होतं, ते सांगितलं. त्यांनी नकाशा लहान करून जवळचं बंदर किती दूर आहे ते बघितलं. सगळा तपशील समोर होता. कुणी तरी प्रत्येक वळण जपून ठेवलं होतं. त्याचा अर्थ तेवढा लिहिलेला नव्हता.

संध्याकाळी नाट्याहून त्यांचे दीर आले. जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून फोन त्यांना आला होता. मी खालीच होते, भाभींनी मला बसवून घेतलं होतं. दीर दारातच उभे राहिले. चप्पल काढायचंही त्यांना सुचेना. म्हणाले, जहाजावर काहीतरी झालंय, तू आणि पोर दोघी गावी चला, अम्मा वाट बघतेय.

भाभी उठल्या नाहीत. "ते लोक त्यांना पाण्यात शोधतायत ना?" त्यांनी विचारलं.

दिरांनी माझ्याकडे बघितलं. बहुधा त्यांना वाटलं मी सांगितलं. मग ते जिन्याच्या पायरीवर खाली बसले आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. तेच उत्तर होतं.

जहाजाने आणि मदतीला आलेल्या आणखी एका जहाजाने शोध घेतला, मग थांबवला. काही सापडलं नाही. नाट्याला भाभींनी मौलानांना विचारून इद्दत धरली, नवऱ्यामागे विधवेने घरात राहून पाळायचे चार महिने दहा दिवस. मी एकदा भेटून आले. घर बायकांनी भरलेलं होतं आणि सगळ्या हळू आवाजात बोलत होत्या. जहाज कंपनीचा निरोप दोन ओळींचा होता, एक दुर्दैवी घटना घडली असा. घरातली मोठी माणसं त्यावर समाधानी दिसली. सगळ्यांचं म्हणणं एकच, जास्त खोलात जाऊन काय करायचं, तिला आणखी त्रास होईल. भाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी निघताना त्या एवढंच म्हणाल्या की इथे मला कुणी काही सांगत नाही, आणि माझ्या डोक्यात ते रोज वेगवेगळ्या प्रकारे पडतात.

खालचा ब्लॉक बंद होता ते महिने मला जड गेले. मी कामाला बसायचे, एखाद्या पानासाठी तेच वाक्य लिहायची वेळ यायची, आणि पहिला शब्द टाइप केला की मागे कुणी तरी उभं आहे असं वाटायचं. त्यांचा आवाज ऐकू यायचा, तोच प्रश्न. मी वळून बघायचे. दार बंद असायचं, खालून भांड्यांचा आवाजही नसायचा. असं एकदा झालं असतं तर मी विसरले असते.

इद्दत संपल्यावर मुलीच्या शाळेसाठी भाभी परत आल्या. थोड्याच दिवसांनी त्याच जहाजावरचा एक खलाशी सुट्टीवर घरी आला. तो दापोलीजवळच्या बुरोंडीचा. स्वतःहून फोन करून भेटायला आला. दीरही आले होते, आणि भाभींनी मला बोलावलं. त्याने आधी दिरांकडे बघत मोघम सुरुवात केली, अल्लाची मर्जी, भाईसाहेब फार चांगले होते वगैरे. भाभींनी त्याला थांबवलं.

"तू होतास ना तिथे? मग सगळं सांग. पहिल्यापासून. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस."



मग त्याने सांगितलं. संध्याकाळचा चहा झाल्यावर भाईसाहेब धुतलेले कपडे काढायला मागच्या डेकवर गेले. जहाजावरच्या आचाऱ्याने त्यांना शेवटचं पाहिलं. रात्री जेवायला मासा कुठला म्हणून त्यांनी त्याला विचारलं होतं. जेवायला आले नाहीत तेव्हा आधी वाटलं इंजिनरूममध्ये असतील. मग केबिन बघितली, मग सगळं जहाज. अर्धे कपडे दोरीवर तसेच होते, अर्धे काढून घडी घातलेले. कप्तानाने जहाज वळवलं. भोंगे वाजवले, पाण्यावर मोठे दिवे टाकले. उजाडल्यावर सगळे कठड्याला उभे राहून पाणी बघत होते, जेवायलाही कुणी हललं नाही. समुद्र तळ्यासारखा शांत होता, वाराही नव्हता. भाभी मध्ये मध्ये विचारत होत्या. कठडा किती उंच? पाणी थंड होतं का? त्या वेळी उजेड किती होता? तो प्रत्येकाचं उत्तर देत होता. हात छातीपाशी नेऊन त्याने कठड्याची उंची दाखवली.

"मग पडले कसे?"

त्याने हात खाली घेतला. "माहीत नाही, भाभी. कुणीच बघितलं नाही. आम्ही सगळ्यांनी खूप डोकं चालवलं. खरंच माहीत नाही."

मला वाटलं आता त्या कोसळतील. त्यांनी मान हलवली, उठल्या, आणि त्याच्यासाठी चहा टाकला. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "याने एवढं सगळं सांगितलं ना, म्हणून त्याचं 'माहीत नाही' मला खरं वाटलं. बाकीच्यांचं वाटत नव्हतं."

त्यानंतर आमच्या कंपनीत या वाक्यांवर एकदा मोठी चर्चा झाली. वरिष्ठ बाईंचं म्हणणं होतं की आकडे दाखवले की माणूस घाबरतो, साधं एक वाक्य पुरे. इंजिनीअर म्हणत होता की आकडा नसला तर तक्रार करणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही आणि आम्हालाही शोधता येत नाही. पण सगळंच उघड केलं तर घुसखोराला आतला रस्ता दिसतो, असंही तोच म्हणाला. दोघांचंही बरोबर होतं. मी म्हटलं, आपल्याला कारण माहीत असतं, किंवा माहीत असून सांगता येत नाही, किंवा माहीतच नसतं. या तिन्हींना आपण एकच वाक्य देतो. समोरच्याला त्यातलं कुठलं ते कळायला हवं. बिघाड कुणाच्या बाजूला आहे ते पहिल्या ओळीत लिहू, आकडा आणि बाकीचं खाली, हवं त्याने उघडून बघावं. आणि कारण माहीत नसेल तर तसं लिहू. कारण आम्हाला अजून कळलेलं नाही, अशी ओळ. बाईंना ती ओळ कंपनीची अब्रू घालवणारी वाटली. शेवटी काही पानांवर ती राहिली, काहींवर नाही. हे कुठून सुचलं ते मी तिथे कुणाला सांगितलं नाही.

भाभींनी नकाशा बघणं सोडलं नव्हतं. जहाज अजून माल घेऊन फिरत होतं आणि त्या अजून बाणाच्या मागे जात होत्या. मी विचारलं नाही कशासाठी. मग गेल्या वर्षी एका दुपारी त्या वर आल्या. त्यांनी नेहमीचं नाव टाकलं होतं आणि उत्तर आलं होतं: या नावाचं जहाज सापडलं नाही.

त्यांनी लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. प्रत्येक मोठ्या जहाजाला बांधतानाच एक क्रमांक मिळतो आणि ते मोडीत निघेपर्यंत तो बदलत नाही. तो मी शोधून टाकला. जहाज लगेच दिसलं. ते विकलं गेलं होतं. मालक नवा, झेंडा वेगळ्या देशाचा, नाव दुसरं. बाण चालत होता.

मी तोंड उघडलं तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "बुडालं नाही ना?"

"नाही. चाललंय."

"मग नवं नाव मला सांगू नकोस."

मी स्क्रीनवरची खिडकी बंद केली. त्या खाली गेल्या आणि पुन्हा तो विषय आमच्यात निघालेला नाही. मुलीची दहावी झाली की त्या नाट्याला परत जाणार आहेत, दिरांनी घराची वरची खोली बांधून घेतली आहे.

ते नवं नाव मला मात्र पाठ आहे. काम संपवून लॅपटॉप मिटण्याआधी मी कधी कधी ते टाकते. काल जहाज एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. मी बराच वेळ बघत बसले. बाण हलला नाही.