खाणीच्या वळणावरचा भोंगा

आमच्या काकांना सगळे भोंगा म्हणतात. उभी हयात बस स्थानकात गाड्यांच्या घोषणा करण्यात गेली, म्हणून नव्हे. नाव त्याआधीचं. तरुणपणी बाबा घाटातल्या शर्यतीत लाल, उघडी, दोन सीटची स्पोर्ट्स कार चालवायचे आणि काका शेजारी बसून पुढची वळणं ओरडून सांगायचे.

शेवटच्या शर्यतीत दाट धुकं होतं. खाणीच्या वळणावर भोंगा वेळेवर ओरडला, म्हणून दोघं दरीत गेले नाहीत. ही गोष्ट बाबा प्रत्येक लग्नात सांगतात. पाहुणे जांभया देतात, काका मान खाली घालतात. लाजतात बिचारे, असं आम्हाला वाटायचं.

मी एका कंपनीत संगणकावर रस्त्याकडेचे दगड रंगवतो. (आईच्या मते मी अजून बेकारच आहे.) कंपनीने या जुन्या शर्यतींचा खेळ बनवायला घेतला. गाडी, घाट, धुकं, सगळं होतं तसं; ब्रेकसुद्धा तितकेच कच्चे. शेजारच्या सीटवरचा आवाज खऱ्या भोंग्याचाच घेऊ, असं मीच सुचवलं. काकांना सांगितलं, तेव्हा कपातला चहा बशीत आला.

"कागदावर लिहून द्या, वाचतो," ते म्हणाले.

वाचून पाहिलं. प्रत्येक वळणावर बस सुटत असल्यासारखं वाटलं. मग ठरलं, दोघा भावांना कंपनीतल्या, खऱ्या गाडीसारख्या हलणाऱ्या चौकटीवरच्या सीटवर बसवायचं. बाबा पडद्यावरचा घाट चालवतील, काका ओरडतील.

त्या सकाळी काकांच्या घशाखाली घास उतरला नाही. काकू म्हणाली, "अहो, खोट्या गाडीला कसले घाबरता? पडलात तर गालिच्यावर पडाल!"

काका हसले नाहीत. कंपनीच्या जिन्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"मी ओरडलो नव्हतो रे."

"कधी?"

"खाणीपाशी. वळण आलंय हे ठाऊक होतं, पण दातखीळच बसली. गाडी कशी वळली, देव जाणे. दादाला वाटतं, मी वाचवलं. आज पुन्हा बोबडी वळली तर त्याला सगळं कळेल."

चेष्टा करायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. "काका, परत जाऊ. पोट बिघडलं म्हणून सांगतो."

"आणि दादा? तो हातमोजे घालून बसलाय वर."

बाबा बसलेच होते. काका शेजारी चढले, पट्टा आवळला, आणि समोर लाल बॉनेट थरथरायला लागलं. पहिल्या वळणाला काकांचा आवाज चिरका निघाला, दुसऱ्याला मोकळा झाला. "डावं! आता उजवं, अवघड! दाब, दाब!" खोली दणाणली. मला मात्र माझेच दगड धुक्यातून अंगावर येताना दिसत होते, आणि खाणीआधीचा पांढरा दगड मी कुठं ठेवलाय हे मला पक्कं ठाऊक होतं.

तो दगड गेला.

काकांचं तोंड उघडं, पण आवाज नाही. बोटं सीटमध्ये रुतलेली, कपाळावर घाम. पडद्यावर नुसतं पांढरं. मला ओरडावंसं वाटलं, पण माझी जीभही टाळ्याला चिकटली. घराण्याचा वारसा.

बाबांनी करकचून ब्रेक मारला. गाडी घसरली, कठड्याला घासली आणि वळली.

चौकट थांबली. काका पडद्याकडेच बघत म्हणाले, "दादा, मी काही बोललोच नाही. तेव्हाही नाही."

"माहीत आहे," बाबा हातमोजे काढत म्हणाले. "सगळा घाट तू कान किटवायचास. तिथं एकदम गप्प. म्हटलं, या भोंग्याची बोलती बंद झाली म्हणजे पुढं काहीतरी भयंकर आहे. मारला ब्रेक."

"मग लग्नांत काय सांगत फिरतोस?"

"काय सांगू? भाऊ घाबरला म्हणून वाचलो?"

काका रडले की हसले, नीट कळलं नाही. पट्टा सोडायला मात्र मलाच जावं लागलं. त्यांची बोटं वळत नव्हती.

खेळात ती शांतता आम्ही तशीच ठेवली. आता रोज तक्रारी येतात, की खाणीपाशी शेजारच्याचा आवाज बंद पडतो आणि गाडी दरीत जाते. उत्तरं द्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. मी लिहितो, आवाज ठीक आहे. तो घाबरलाय. ब्रेक दाबा.