पाच तारीख, शुक्रवार

तिरुवल्लिकेणीतल्या गुरुमूर्तींनी उभ्या जन्मात कुठे दंड भरला नव्हता. विजेचं बिल असो की वाचनालयाचं पुस्तक, सगळं मुदतीच्या आत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले हे तंजावरी मराठी कारकून रोज लोकांच्या बिलांवर विलंब आकार चढवीत. तोच आकार आपल्या नावावर चढणं त्यांना चोरी करताना सापडण्यासारखं वाटे.

एके वर्षी त्यांनी हप्त्यांवर स्कूटर घेतली. हप्ता अकराशे चाळीस रुपये, दर महिन्याच्या पाच तारखेला दुपारी एकच्या आत. नंतर दोनशे रुपये दंड. सात हप्ते बिनबोभाट गेले. नोव्हेंबरात मात्र पगार चार तारखेच्या संध्याकाळी हातात पडला, बँकेतली शिल्लक दिवाळीच्या कपड्यांत संपली होती, आणि पाच तारखेला आला शुक्रवार.

पत्नी भवानीने नोटा देवीपुढे ठेवल्या होत्या. सकाळी गुरुमूर्तींनी हात पुढे केला तशी ती म्हणाली, "शुक्रवारी लक्ष्मी घराबाहेर पाठवायची नसते."

"अगं, दोनशे दंड बसेल."

"बसू दे. उद्या घेऊन जा."

"म्हणजे आज अकराशे चाळीस गेले तर लक्ष्मी जाते, आणि उद्या तेराशे चाळीस गेले तर?"

"तर नुसते पैसे जातात," असं म्हणून भवानी इडल्या उतरवायला आत गेली.

कचेरीत त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या वेंकटरमणांकडे उसने मागितले. वेंकटरमणांनी मान खाली घातली. "मी बसच्या तिकिटापुरतेच आणलेत. तेही काल दिवे लागायच्या आत काढून ठेवलेले. आमच्याकडेही शुक्रवार कडक आहे हो."

साडेबाराला गुरुमूर्ती खाली उतरले. समोर चहावाले मोहिदीन नमाजाला निघायच्या घाईत फळ्या लावत होते. गुरुमूर्तींचा चेहरा पाहून त्यांनी चौकशी केली, ऐकून घेतलं आणि गल्ल्यातून अकराशे चाळीस मोजून दिले.

"आमच्यात शुक्रवारी दिलेलं चांगलं, सार."

"परत कधी देऊ?"

"सवडीनं द्या," म्हणत मोहिदीन निघालेसुद्धा.

एकला चार मिनिटं कमी असताना गुरुमूर्ती फायनान्स कंपनीच्या खिडकीशी पोहोचले. खिडकी ओस होती. आत बसलेल्या कारकून सहानाने पावती फाडत विचारलं, "आज शुक्रवारी तुम्ही कसे, सार? आजचे सगळे उद्या दंडासकट येतात."

गुरुमूर्तींनी पावतीवरची वेळ दोनदा वाचली. आता त्यांना हलकं वाटायला हवं होतं. पण 'सवडीनं' हा शब्द दाताच्या फटीत अडकल्यासारखा सलत राहिला. शनिवारी पैसे घेऊन गेले, तर दुकानाला कुलूप: मोहिदीन बहिणीकडे कोवलमला गेलेले. रविवारीही तेच. सोमवारी फळ्या उघडताच गुरुमूर्ती हजर झाले, पण हिशेब चोख हवा म्हणून पैसे खिशातच ठेवून म्हणाले, "आधी मुदत सांगा. मुदतीशिवायचं कर्ज मला पेलत नाही."

मोहिदीन हसले. "बरं, उद्या. मंगळवार."

"आणि उशीर झाला तर दंड?"

मोहिदीननी थोडा विचार केला. "एक चहा. माझ्यासोबत बसून प्यायचा. तुम्ही सहा वर्षं उभ्यानंच पिता."

मंगळवारी सबंध दिवस गुरुमूर्ती खिशातल्या नोटा चाचपत कचेरीतच बसून राहिले. बुधवारी सकाळी ते दुकानात शिरले, बाकावर बसले आणि म्हणाले, "उशीर झाला."