हलकी बाटली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं ठाऊक आहे — मी घोरतो, पावसाळ्यात चिडचिडा होतो, आमटी गार झाली की तोंड वाकडं करतो — पण हे नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही समोर नाही म्हणून. समोर असतात तर जीभ रेटली नसती.

मी लोणावळ्याच्या एका शाळेत रसायन शिकवायचो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. चांगलं शिकवायचो, ते उगाच कशाला लपवू? संयुगं कशी जुळतात आणि का मोडतात, हे मुलांना सासर-माहेरच्या भाषेत सांगायचो. पोटॅशियम क्लोरेटमधला ऑक्सिजन म्हणजे सासरी न रमलेली सून. जरा ऊब लागली की निघाली. मँगनीज डायऑक्साइड नुसती गाडी जुंपून देतं, स्वतः होतं तसंच राहतं. मुलं हसायची आणि विसरायची नाहीत. पण त्या मँगनीजच्या जागी कोळशाची भुकटी पडली तर? कोळसा ऑक्सिजनवर असा तुटून पडतो की नळीच फुटते. हेही मी शिकवायचो — दरवर्षी, आवाज चढवून.

आणि दोन्ही भुकट्या काळ्याच.

रखमाजी आमच्या प्रयोगशाळेचा गडी. वयानं माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, रोज शेजारच्या औंढे गावाहून पायी यायचा. मी त्याला अरे-तुरे करायचो. त्याला अक्षर येत नव्हतं, पण बाटली उचलली की आत काय आहे ते सांगायचा. गावातही त्याच्या हाताला मान होता. पेरणीआधी लोक बियाण्याचं भात त्याच्याकडे आणत. तो ते ओंजळीत घेऊन, डोळे मिटून सांगायचा — दाणा भरलाय की पोकळ आहे.

त्या वर्षी पावसाळ्यात ओल अशी मुरली की बाटल्यांवरची लेबलं गळून पडली. मी नवी लिहिली, वळणदार अक्षरात. त्या दोन काळ्या भुकट्यांपाशी आलो तेव्हा — चिमूटभर तापल्या पत्र्यावर टाकली असती तरी कळलं असतं. कोळसा धुमसतो, मँगनीज धुमसत नाही. मी टाकली नाही. कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. अंदाजानं लेबलं चिकटवली.

प्रयोगाच्या दिवशी मी शेजारच्या खोलीत तयारी करत होतो. रखमाजी बाटली हातात तोलत आला. "मास्तर, ही हलकी लागतीया. ती भुकटी लय जड असती."

मी म्हणालो, "तुला वाचता येतं का रे?"

मी सांगितलं ती बाटली त्यानं वर्गात नेली. मी मिश्रण तापवायला घेतलं आणि नळी फुटली, काचा उडाल्या. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या गालाला मोठी चीर गेली. डोळा बोटभर अंतरानं वाचला. हेडमास्तर यायच्या आत मी काय केलं? मुलाकडे धावलो? नाही. रखमाजी त्याच्या गालावर फडकं दाबून बसला होता, आणि मी — मी ती बाटली शेजारच्या खोलीत नेऊन, थुंकी लावून दोन्ही बाटल्यांवरची लेबलं सोलत होतो. त्यांची गोळी करून खिशात टाकली. हेडमास्तरांना म्हणालो, लेबलं ओलीनं गेली होती. मी याला जड बाटली आण म्हणून सांगितलं होतं, यानं हलकी आणली.

हेडमास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे.

"मास्तर म्हनत्यात तर तसंच असंल," तो म्हणाला. "माजा हात चुकला."

त्याच आठवड्यात त्याला काढून टाकलं.

एवढंच असतं तर मी त्याला भीती म्हटलं असतं. पण पुढच्याला काय म्हणू?

दोन वर्षांनी, वैशाखात, एका विद्यार्थ्याच्या बहिणीच्या साखरपुड्याला औंढ्याला गेलो. मांडवात रखमाजी होता. मला बघून उठला, स्वतःची जागा दिली. राग नव्हता हो त्याच्या तोंडावर — तो असता तर बरं झालं असतं. तेवढ्यात एक म्हातारी पदरात बियाण्याचं भात घेऊन आली. "रखमा, जरा बग की रं."

त्यानं हात मागे घेतले. "मावशे, दुसऱ्या कुनाला दाव. माज्या हाताचं काय खरं न्हाई. एका लेकराचा डोळा जानार व्हता. हे हितं मास्तरच बसल्यात, इचार."

त्याला ते खरं वाटत होतं. मला वाचवायला घेतलेला आळ नव्हता तो. शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल, ऐन वेळी आपणच भलती बाटली उचलली असेल, असं धरून त्यानं स्वतःचाच हात खोटा ठरवला होता. म्हातारी माझ्याकडे बघत होती. तिथं हेडमास्तर नव्हते, नोकरी जायची धास्ती नव्हती. एक वाक्य पुरलं असतं.

मी मान डोलावली. हो म्हणून. ती पदर आवरून निघून गेली, आणि मी पुढं आलेला विडा उचलला.

रखमाजी गेल्या माघात वारला. मी गेलो नाही. अजून शिकवतो, अजून मुलं हसतात.

त्याचा हात चुकला नव्हता. बाटली हलकीच होती.