डोलकाठीचे पंधरा गज

चिंधीचा मुलगा लढाऊ जहाजावर होता आणि जहाजाबरोबरच बुडाला, असं गव्हाणपासून जासईपर्यंत कुणीही सांगेल. सांगताना आवाज खाली आणेल. प्रेतसुद्धा हाती लागलं नाही, म्हणून ती बाई रोज सकाळी डोलकाठीवर दगड वाजवून पोराला हाका मारते. वडापावच्या गाडीवरचा शिवा तर त्याच्याही पुढचा. "अमावस्येला उत्तर येतं ना! टक, टक. आईशप्पत, मी ऐकलंय."

यातलं दगड वाजवणं तेवढं खरं.

गोरख नेव्हीत नव्हता. समुद्र त्याने पाहिला तो विटांच्या ट्रकवर बसून, खाडीच्या पुलावरून. तो पडला ते याच जहाजावरून, आणि हे जहाज पाण्यात कधी गेलेलंच नाही.

कंटेनर यार्डांच्या रांगेत, जिथे आधी भाताची खाचरं होती तिथे, उदयसिंह सरांच्या अकॅडमीचं 'विजयध्वज' उभं आहे. विटा, सिमेंट, वरून पत्रा आणि त्यावर करडा रंग. तोफा म्हणजे पाण्याचे जाड पाइप. नेव्हीच्या भरतीची तयारी करायला सांगली-जळगावहून पोरंपोरी इथे येतात, सिमेंटच्या डेकवर ताठ उभी राहून "आय आय सर!" ओरडतात, आणि पलीकडच्या यार्डातला क्रेनवाला भोंगा वाजवून त्यांची खेचतो. डेकच्या कडेला, कठड्यालगत डोलकाठी, तिला पंधरा गजांची, म्हणजे आडव्या सळ्यांची, लोखंडी शिडी. वर चढायचं, सलामी ठोकायची, फोटो काढायचा. हायवेवरच्या बॅनरवर तोच फोटो असतो.

चिंधी कातकरवाडीतली. वीटभट्टीवर जन्मली, भट्टीवरच तिचं लग्न जमलं. भट्टी उघडली की दोन विटा एकमेकींवर आपटून बघायच्या. खण्ण वाजली तर पक्की, भद वाजली तर कच्ची. मुकादम काशिराम कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही, पण शंका आली की वीट घेऊन हिच्याकडेच यायचा. "चिंधे, कान लाव गं." ती कान लावायची, आणि ती म्हणेल ते खरं धरलं जायचं.

जहाज बांधायला मायलेक विटा वाहायला आली. डोलकाठी उभी राहिली त्या दुपारी वेल्डर जेवायला गेला होता आणि सरांना झेंड्याची दोरी वरून ओवून हवी होती. लगेच. पाहुणे यायचे होते.

गोरख म्हणाला, "आये, धरंल का गं?"

चिंधी पाच गज चढली आणि हात पुरेल तिथवर दगडाने ठोकत गेली. नववा सगळ्यांत गोड वाजला. खण्ण, आणि मग लांबवर गुणगुणत राहिला.

"पक्का हाय," ती म्हणाली. "जा."

त्याच्या एका हातात दोरी होती. नवव्या गजावर पाय पडला आणि गज निघून आला. गोरख आधी डेकच्या कठड्यावर आपटला, मग खाली.

तिला झाडूचं काम मिळालं. दुसऱ्या दिवशीपासून ती झाडायच्या आधी दगड घेऊन शिडी चढू लागली. एक दिवस कुणा पालकाने विचारलं, "ही बाई काय करते?" सर म्हणाले, "मुलगा नेव्हीत होता हो तिचा. समुद्राने नेला." पालकाने चष्मा काढून डोळे पुसले. सरांनी ते पाहिलं. त्यानंतर प्रत्येक पालकाला तेच सांगितलं गेलं.

दिपा चिपळूणची, सतरा वर्षांची, भरतीसाठी आलेली. तिला सगळ्यांचे आवाज काढता यायचे. सरांचं "डिसिप्लिन म्हणजे डिसिप्लिन, बेटा, नो नाटक!" क्रेनचा भोंगा. चिंधीचं "चढू नुको रं, अजून ठोकायचं ऱ्हायलंय." रात्रीच्या जेवणाला पोरी हसून ठसका लागेपर्यंत तिला सोडत नसत.

नेव्ही डेच्या दिवशी पालक येणार, पंधरा गजांवर पंधरा जण उभे राहणार, असं ठरलं. आदल्या आठवड्यात शिडीला नवा रंग लागला. नेव्ही डेच्या सकाळी चिंधीने दोनदा दगड मारला आणि थेट सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"बारावा गेलाय, साहेब. पोरांना नका चढवू."

"मावशी, बघा तरी, कसा चमकतोय! वेल्डर मंडेला येतोय. नो टेन्शन."

दिपा दोन नंबरच्या गजावर उभी राहणार होती. बारावा जळगावच्या समृद्धीचा. दिपाने चिंधीकडून दगड घेतला, वर गेली, सगळे गज वाजवले.

"बारावा मस्त गातोय, मावशी. चौथा बघ, भद. गेला असेल तर चौथा."

"लाव पैज," चिंधी म्हणाली.

"लावली. कशाची?"

"हरलीस तर आज माइकवर खरं सांगायचं. माजा गोरख दर्यात नाय गेला. हितनं पडला. आन् 'जा' मीच म्हनले हुते, तेबी सांगायचं."

दिपाला तोवर काहीच माहीत नव्हतं. पण हात पुढे केलेला होता.

कसरतीच्या वाळूच्या दोन गोण्या दोराने चौथ्याला टांगल्या. चौथा हलला नाही. मग बाराव्याला टांगल्या. गज एका बाजूने सुटला आणि गोण्या डेकवर येऊन फुटल्या. दिपाला सगळे आवाज काढता येतात. गोण्या फुटल्याचा तो मात्र तिने कधी काढला नाही.

समृद्धी पोरींना शिडीपासून मागे ओढू लागली.

"लोखंडाचं उलटं हाय," चिंधी म्हणाली. "दोनी कडं धरल्यालं गप ऱ्हातं. सुटल्यालं गातं. इटांचा कान हुता माजा. लोखंडाचा नव्हता."

शिडीवर कुणी चढलं नाही. पोरंपोरी डेकवरच रांगेत उभी राहिली. सरांनी माइकवर सांगितलं, "आज आपल्यामध्ये एका वीर जवानाची माता आहे," आणि टाळ्या वाजल्या. चिंधीने टाळ्यांकडे पाहिलं नाही. तिने दिपाकडे पाहिलं. सरांनी दिपाला आभार मानायला पुढे बोलावलं होतं, माइक तिच्या हातात होता. ती म्हणाली, "सर्वांचे मनःपूर्वक आभार." सरांच्याच आवाजात. पालक खूश झाले.

चिंधीने झाडू उचलला आणि फुटलेल्या गोणीची वाळू एका कडेने गोळा करायला लागली.

दिपा म्हणजे हे लिहिणारीच. तेव्हा दिलं नाही ते आता देतेय. गोरख दर्यात गेला नाही. नवव्या गजावरून पडला. त्याची आई 'जा' म्हणाली होती. पैज मी हरले.