शून्याची डावी बाजू

सरांनी खडू टेबलाच्या कडेला ठेवला. माझा हात पुढे होता. तसाच राहिला.

धुळ्याचं कॉलेज, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. फळ्यावर एक भागिले एक्स. एक्स शून्याजवळ जातो तेव्हा लिमिट किती? पहिल्या बाकावरच्या एका मुलाला सरांनी खडू हातात दिला. त्याने लिहिलं, इन्फिनिटी. सर म्हणाले, "शाब्बास!"

मी उभी राहिले. "सर, हे फक्त उजवीकडून. डावीकडून आलं तर आलेख खाली कोसळतो. दोन्हीकडून एकच उत्तर येत नाही. म्हणजे लिमिटच नाही."

"अस्सं? सवलतीवर आलेले आता आम्हाला शिकवणार! या बाई, काढून दाखवा."

वर्ग खिदळला. मी पुढे गेले. आणि खडू टेबलावर.

वर्षभर हेच. इतरांना हातात, मला टेबलावर. मी मनाची समजूत घालायची, सर घाईत असतील. कारण गणिताचं वेड मला ह्याच माणसाने लावलं होतं. त्यांनी काढलेली रेघ फळा संपला तरी थांबायची नाही. सोनगीरला घरी परतताना एस.टी.च्या खिडकीतून मला ती वर वर जाताना दिसायची. एवढं दाखवणारा माणूस. आणि माझ्या बोटांना भ्यायचा.

"हातात द्या, सर."

"काय?"

"खडू. त्याला दिला तसा."

हसू थांबलं. सर म्हणाले, "चालती हो. बापाला आण. माफी मागितल्याशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही."

आबा आले. माझे वडील. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. केसांत रुई तशीच. प्राध्यापकांच्या खोलीबाहेर चपला काढल्या, दारातच उभे राहिले. बसा कुणी म्हणालं नाही.

"पोर चुकनी, साहेब." हात जोडलेले. मग माझ्याकडे वळून, "मांगी ले ना माफी, माय. बठ्ठं शिक्षन वाया जाई."

"आबा, मनं उत्तर बरोबर शे."

सरांनी मान वर केली नाही. "उत्तर बरोबरच आहे तिचं. प्रश्न वागणुकीचा आहे."

बरोबरच आहे. म्हणजे वर्ग हसत होता तेव्हाही त्यांना ते माहीत होतं. मी ज्यांना गुरू मानलं ते तिथेच संपले. रडू आलं ते त्यांच्यासाठी. मला त्याचीच जास्त लाज वाटली.

मी आबांचे जोडलेले हात धरले. सुटेनात. बोटं एकेक करून सोडवावी लागली. एस.टी.त आबा माझ्यापासून दोन बाकं पुढे जाऊन बसले.

माफी मी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आत जाऊन पहिल्या बाकावर बसले. वर्गाबाहेर काढायचं असेल तर सगळ्यांसमोर काढा. कारण मोठ्याने सांगा. मी आपणहून उठणार नाही.