बिरू, एम. एस.

मागंपुढं सरांना एक नेमका आकडा विचारायचा नाही, हे आमच्या कॉलेजात शिपायालाही ठाऊक होतं. "सर, मिरजेची एसटी किती वाजता?" "साडेनऊ. मागंपुढं बारा मिनिटं." लग्नाला किती माणसं होती, भाकऱ्या किती खाल्ल्या, सगळ्याला मागंपुढं. एकदा प्राचार्य वैतागून म्हणाले, "अहो माने सर, तुम्हाला मुलं तरी किती?" सर शांतपणे म्हणाले, "दोन. हे मात्र पक्कं."

सांगलीच्या त्या कॉलेजात मी ग्रंथपाल, आणि सर इकॉनोमेट्रिक्स शिकवायचे. म्हणजे अर्थशास्त्रातली सगळी आकडेमोड. पोरं घाबरून पळायची. सर म्हणायचे, "आकडा म्हणजे माणसाचा जबाब असतो, बाई. जबाब देणारा काय लपवतोय, ते आधी बघायचं."

हे ते घरीच शिकले होते. जतकडच्या मेंढपाळाच्या घरातले ते. सरकारी माणूस मेंढरं मोजायला आला, की त्यांचे वडील, बिरूआबा, एकच उत्तर द्यायचे, "हायत, देवाच्या दयेनं." खरा आकडा सांगितला की कळपाला दृष्ट लागते ना! माणसं असा जो आकडा लपवतात, तो त्यांना न दुखवता कसा ओळखायचा, यावर सरांनी तरुणपणी एक निबंध लिहिला. तो परदेशात छापून आला. कॉलेजात पेढे वाटले गेले आणि सगळे विसरून गेले.

सरांच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना प्रोफेसरपदाची शेवटची संधी आली. नवा नियम असा, की जगात कुणीकुणी तुमच्या संशोधनाचा हवाला दिला त्याची यादी जोडा. ते काम माझ्याकडे. 'माने' टाकून शोधलं, तर सापडले दोन-तीन उल्लेख, त्यातला एक खुद्द सरांचाच! मला तर रडूच कोसळलं. स्टाफरूममध्ये एक महाशय खिदळले, "जन्मभर मागंपुढं केलं, शेवटी मागंच राहिले."

मला मेलीला राहवेना. नाव सोडलं आणि विषय टाकून शोधलं. तर जो तो कुण्या 'बिरू, एम. एस.'चा हवाला देत होता! पेरू, केनिया, जपान, पानंच्या पानं. 'बिरू दुरुस्ती' नावाची रीतच होती म्हणे. असेल कुणी फिनलंडचा, असं म्हणत मूळ निबंध उघडला, तर पहिल्याच पानावर जत तालुका आणि मेंढरं! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आपण फॉर्मवर लिहितो तसं सरांनी लिहिलं होतं, 'माने शंकर बिरू'. आधी आडनाव, शेवटी वडिलांचं नाव. तिकडच्या साहेबाने शेवटचं ते आडनाव धरलं.

तशीच तावातावाने सरांच्या वर्गात शिरले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"छापून आलं त्या दिवसापासनं."

"मग दुरुस्त का नाही करून घेतलं?"

सर हातावरचा खडू झटकत राहिले. मग गावाकडच्या बोलीत म्हणाले, "बाई, आबानं मेंढरं इकून मला शिकवलं. त्याच्या हातनं कागदावर नाव कवा उमटलंच न्हाई, उमटला तो अंगठा. आता जग त्याचं नाव घेतंय. ते खोडा म्हणून मीच पत्र लिहू व्हय?"

"आणि प्रोफेसरपद?"

"त्याचं मागंपुढं चालतंय."

मला रागही आला आणि भरूनही आलं. म्हटलं, खोडायचं नाही ना, मग नुसतं जोडू या. पानंच्या पानं यादी छापली आणि तिच्यावर 'माने शंकर बिरू' असं पूर्ण नाव असलेला सरांचा शाळा सोडल्याचा दाखला लावला.

मुलाखत साताऱ्यात होती. गठ्ठा सांभाळायला म्हणून मीही आत गेले. तज्ज्ञ म्हणून मोठ्या शहरातून आलेले करारी गृहस्थ दाखला बघताबघता थबकले. "बिरू दुरुस्ती मी कित्येक वर्षं वर्गात शिकवतोय. मला वाटायचं, हा माणूस परदेशातला. म्हणजे बिरू तुम्ही?"

"नाही साहेब," सर ताठ बसून म्हणाले. "बिरू माझे वडील. मी शंकर."

ते गृहस्थ खुर्चीतून उठले आणि त्यांनी हात जोडले. अहाहा! त्या क्षणी मी गठ्ठा छातीशी धरून नाचायचीच काय ती बाकी होते. महिन्याभरात सर प्रोफेसर झाले आणि खिदळणारे महाशय हार घेऊन सर्वांत पुढे.

सरांनी गावी जाऊन वडिलांना सांगितलं, "आबा, जगात लय लोकांनी तुमचं नाव घेतलंय." म्हातारा आनंदायचा सोडून दचकला. "मोजलंस का काय? मोजू नगंस रं, दिष्ट लागंल!" हे सांगताना सर डोळ्यांत पाणी येईतो हसले होते.

निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यांनी माइक माझ्या हातात दिला. "बाई, सरांच्या निबंधाचे जगात एकूण उल्लेख किती, आज नेमका आकडा सांगून टाका." बेरीज केलेला कागद माझ्या हातात होता. पहिल्या रांगेत, सरांच्या शेजारी, पटका बांधलेले बिरूआबा माझ्याकडेच बघत होते. मी कागदाची घडी घातली.

"आहेत," मी म्हटलं, "देवाच्या दयेनं."